पलंगाखालची बरणी

दोन वर्षं माझ्या पलंगाखाली एक बरणी होती. काचेची, घागरीएवढी. तोंडाला रबरी बूच, बुचातून वाकडी नळी आणि नळीत बोटभर पाणी. सुरुवातीला त्या पाण्यातून सारखे बुडबुडे यायचे. मग जेवून उठलेला माणूस ढेकर देतो तसा मधूनच एखादा. मग तेही बंद झाले. माझी सून सुषमा वाकून बघायची आणि म्हणायची, "आई, बियर मुरतेय."

"मुरतंय का कुजतंय, तुझं तू बघ," मी म्हणायचे.

सुषमा दूध तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर जंतू बघायचे आणि घरी येऊन पुन्हा जंतूच पाळायचे. कॉम्प्युटरवर कुठून तरी शिकली. जोंधळ्याला मोड आणले, वाळवले, भाजले, शिजवून त्याचं पाणी काढलं, पोस्टानं कसली कडू फुलं मागवली आणि ही आंबट बियर घातली. शेजारणीनं विचारलं, "काय ओ आजी, वास कसला?" मी सांगितलं, काढा आहे. खोटं बोलायला मला जड जात नाही. दुसऱ्याच्या उद्योगापायी बोलावं लागलं की राग येतो.

बरणी माझ्याच खोलीत का, तर घरात ती खोली गार. खाली शहाबादी फरशी, वर दुसरा मजला. सोलापूरच्या उन्हाळ्यात माणूस वितळतो, तिथं बियर काय टिकणार. तिनं बरणीला माझ्या वडिलांचं घोंगडं गुंडाळलं, मला न विचारता. वैशाखात ती ते घोंगडं ओलं करायची. मग दुपारभर खोलीत ओल्या लोकरीचा वास.

तो वास मला नवा नाही. माझं माहेर मंद्रूपच्या पलीकडं, माळावर. आमची मेंढरं. कातरणीच्या आधी मेंढरं ओढ्याच्या डोहात धुवायची. वडील कमरेएवढ्या पाण्यात उभे, चुलते काठावरून एकेक मेंढरू ढकलायचे. मेंढराला पोहता येतं, पण ते त्याला माहीत नसतं, म्हणून ते आधी ओरडून घेतं. धुतलेली मेंढरं उन्हात उभी राहिली की त्यांच्या अंगातून वाफ निघायची आणि सगळा ओढा त्या वासानं भरून जायचा. लोकर, लेंडी, ओली माती, थोडं आंबटसर. मग दुसऱ्या दिवशी कातऱ्यांचा आवाज, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. पाचवीच्या वर्षी कातरणीला माणसं कमी पडली आणि शाळा सुटली ती सुटलीच. त्याचं मला फार काही वाटत नाही. कातरणीच्या दिवशी आई डोक्यावरून आंबील घेऊन यायची, त्याचं मात्र अजून वाटतं.

आंबील म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. जोंधळ्याचं पीठ पाण्यात कालवून आंबवायचं, सकाळी शिजवायचं, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. गार झालं की प्यायचं. उन्हात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. ते आपोआप आंबत नाही, त्यात आदल्या दिवसाचं थोडं आंबट ठेवावं लागतं. कुणाच्या घरचं आंबट मेलं तर दुसऱ्या घरून पळीभर आणायचं. आणि आमच्यात रीत अशी, की आंबट जिथून आणलं त्या घरी नव्या आंबिलीची पहिली वाटी जायची. ते कुणी कुणाला सांगत नसे. वाटी आली की कळायचं.

बरणीत सुषमानं माझ्या मडक्यातलं आंबट घातलं होतं, एक पळी. ते मीच माझ्या हातानं दिलं. तिनं बरणीवर चिठ्ठी चिकटवली, "आजीचं आंबट". आजी म्हणजे माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना. माझा मुलगा अनिल सात रस्त्याजवळच्या ऑफिसात आहे. तिथल्या लोकांना घरी आणलं की तो सांगायचा, आमच्या आजीच्या मडक्यातलं आहे, शंभर वर्षांचं. मी ऐकून घ्यायचे. त्या चिठ्ठीकडं मात्र बघवत नव्हतं. बरणी पलंगाखाली सरकवताना मी चिठ्ठीची बाजू भिंतीकडं करायचे, आणि सुषमा बुडबुडे बघायला आली की पुन्हा फिरवून ठेवायचे.

बरणीवर माझा डोळा असायला आणखी एक कारण होतं. दीड वर्षापूर्वी मोतीबिंदू काढला तेव्हा मी महिनाभर मोहोळला मुलीकडं होते. परत आले, आंबील तोंडाला लावली, आणि ती ताकासारखी लागली. आंबट होती, पण पोरकट आंबट. मी सुषमाला म्हटलं, "हे आपलं न्हाय."

"तेच आहे आई. त्याच मडक्यातलं."

दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवड्यानंही तसंच. डॉक्टर म्हणाले, बीपीच्या गोळ्यांनी होतं. अनिल म्हणाला, "आई, वय झालं. डोळे गेले तसं जिभेचं पण होतं."

"डोळं परत आलं की," मी म्हटलं.

"जिभेचा मोतीबिंदू काढत नाहीत."

तो हसला. सुषमा कणीक मळत होती, तिनं मान वर केली नाही.

पूर्वी आमच्या गल्लीत कुणी शेंगदाण्याची चटणी कुटली की पहिली चिमूट माझ्या तळहातावर यायची. आजी, मीठ बघा. लोणच्याचा खार, पापडाचं पीठ, सगळं माझ्या जिभेवरून पुढं जायचं. चौथी शिकलेल्या बाईला एवढा एकच मान होता. आंबिलीची गोष्ट गल्लीत गेली आणि तो बंद झाला. चटणी अजून येते, डबा भरून येते. मीठ बघायला येत नाही. मग मीही भाजी चाखून बोलायचं सोडलं. उगाच आपण खारट म्हणायचं आणि चार जणांनी एकमेकांकडं बघायचं.

दीड वर्ष मी दोघींवर संशय धरून होते. एक सुषमा आणि दुसरी माझी जीभ. दोघींपैकी एक खोटं बोलत होती. आणि खोटं बोलणारी सून कशी दिसते ते मला ठाऊक आहे, कारण मी तशी होते.

माझं लग्न होऊन दोनच महिने झाले होते. सासरे सोलापुरात घोंगड्यांचा व्यापार करायचे, म्हणून घर शहरात, विणकरांच्या गल्लीत. सकाळी उठलं की दहा घरांतून मागांची खटखट. समोरच्या दारात रत्नम्मा कांड्या भरत बसायची, तिच्या रहाटाची घरघर. तिच्या चुलीवर तांदळाची खळ शिजायची, सुताला लावायला. तो वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. कोऱ्या लुगड्याची घडी मोडली की येतो तो वास. मला माळावरून तिथं आणून सोडलेली, त्यामुळं मी सगळ्याचे वास घेत फिरायचे, नव्या गोठ्यात बांधलेल्या जनावरासारखी.

आत्याबाई कातरणीला गावाकडं गेल्या होत्या. त्या यायच्या आत घर लख्ख करावं, म्हणून मी आंबिलीचं मडकं घासलं. आतून बुळबुळीत होतं, काठाला पांढरट थर. माझ्या माहेरी आंबील कल्हईच्या पातेल्यात करायचे, पातेलं रोज राखेनं घासायचं, आंबट वेगळ्या लोट्यात ठेवायचं. इथं आंबट मडक्याच्या अंगातच राहतं आणि मडकं कधी घासायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तळाचं ओतून दिलं, राख आणि नारळाची शेंडी घेऊन खसाखसा घासलं, उन्हात पालथं घातलं. फार छान दिसत होतं. संध्याकाळी पीठ कालवलं. सकाळी बघते तर पीठ आणि पाणी. त्याच्या दुसऱ्या सकाळी वास आला, पण तो मेलेल्या उंदराचा.

मी ते फेकून लोटा घेऊन रत्नम्माच्या दारात उभी राहिले. तिनं लोटा बघितला, मग माझं तोंड.

"कडिगावा?"

मला तेलुगू येत नव्हतं. मग तिनं मराठीत विचारलं, "धुतलीस काय गं मडकं?"

"व्हय."

"अय्यो." ती हसली नाही, ते बरं केलं. "माजी भाताची हाय, पिल्ला. तुमची जोंदळ्याची. चव लागंल."

"लागू दे. आंबंल न्हवं?"

"आंबंल की. सासूला काय सांगणार?"

"काय न्हाय."

"मग मी बी न्हाय," ती म्हणाली आणि पळीभर आंबट लोट्यात ओतलं. त्याला त्या खळीचाच वास होता.

दोन दिवसांनी आत्याबाई आल्या. पाय धुतले, बसल्या. मी वाटी दिली. त्यांनी एक घोट घेतला आणि थांबल्या. वाटीत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मी चुलीत फुंकर मारायला लागले, चूल पेटलेलीच होती. त्यांनी वाटी पुरी केली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बरं झालंय."

मग उठता उठता म्हणाल्या, "रत्नम्माला एक वाटी दिऊन ये. उनाचं कांड्या भरतीया बाई."

मला वाटलं, काय माझं नशीब. रीतीप्रमाणं वाटी रत्नम्माकडं जायला हवी होती आणि सासूला न कळता ती न्यावी कशी, याचाच मी घोर लावून घेतला होता. सासूनंच धाडलं. मी धावत वाटी दिली. रत्नम्मानं रहाट न थांबवता एका हातानं घेतली आणि डोळा मिचकावला.

त्यानंतर दरवर्षी होळी झाली, ऊन लागलं, की पहिली आंबील व्हायची आणि आत्याबाई म्हणायच्या, पहिली वाटी तिकडं दे. मी म्हणायचे, म्हातारीला समोरच्या बाईचा फार कळवळा. एरवी आत्याबाई कुणाला मिठाचा खडा देताना दोनदा विचार करायच्या. पण मी खोलात शिरले नाही. ज्याला लपवायचं असतं तो खोलात शिरत नाही.

अशा किती होळ्या गेल्या. हातमाग गेले, यंत्रमाग आले, रहाट कुणाच्या माळ्यावर पडला. गल्लीत कोऱ्या सुताचा वास कमी झाला आणि गटाराचा वाढला. रत्नम्माचा मुलगा भिवंडीला गेला आणि तिलाही घेऊन गेला. जाताना ती मला म्हणाली, "मडकं धू नको हं." ती पन्नाशी उलटलेल्या बाईला असं म्हणाली आणि रिक्षात बसून हसली. पुन्हा ती दिसली नाही.

आत्याबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हाही होळी होऊन गेली होती. मी चमच्यानं आंबील घालायचे. एक दिवस तोंड मिटून घेतलं आणि विचारलं, "तिकडं वाटी दिलीस?"

"रत्नम्मा भिवंडीला गेली, आत्याबाई. घर बंद हाय."

"उंबऱ्यावर ठेव."

मला वाटलं, डोकं गेलं म्हातारीचं. बंद घराच्या उंबऱ्यावर वाटी ठेवून कुत्र्याला पाजायची का? मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडं वाजवलं, परत आले आणि सांगितलं, ठेवली. मग त्यांनी तोंड उघडलं.

गेल्या रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, सुषमानं बरणी पलंगाखालून ओढली. घोंगडं सोडलं. दोन वर्षं झाली, आता बघायची, म्हणाली. रबरी नळीनं वरची वर काढली, तळाचा गाळ हलू न देता. काचेचे ग्लास आणले, स्टीलच्यात रंग दिसत नाही म्हणून. चिंचेच्या कोळात गूळ विरघळून वर निवळ पाणी येतं, तसा रंग. फेस जवळजवळ नाहीच.

अनिलनं घोट घेतला आणि डोळे मिटले. "ही खराब झालीय गं."

"आंबटच असते ती. दोन वर्षं काय सरबत करत होते?" सुषमा म्हणाली. तिनं स्वतः घेतली, आणि तिचं तोंड उजळलं. मी बघत होते. माझा हात पुढं गेला तशी ती म्हणाली, "तुम्ही राहू द्या आई. तुम्हाला तशीही..."

"तशीही काय? कळत न्हाय? आण हिकडं."

मी ग्लास नाकाशी धरला. कुजका वास असता तर मला आवडलं असतं, म्हणजे निदान माझं 'कुजतंय' तरी खरं ठरलं असतं. आधी आलं ओलं घोंगडं. ते बाहेरून लागलं असेल म्हणून मी ग्लास पुसला, पुन्हा वास घेतला. आतच होतं. उन्हात उभी असलेली धुतलेली मेंढरं. मग घोट घेतला. जीभ आक्रसली, कैरीसारखी, कानशिलापर्यंत. आणि तो आंबटपणा ओसरल्यावर मागून आली ती खळ. कोऱ्या लुगड्याची घडी. रत्नम्माचं दार.

मी दुसरा घोट घेतला, खात्री करायला. मग तिसरा, कारण ती चव मला दीड वर्षात मिळाली नव्हती.

"मडकं कदी धुतलंस?" मी विचारलं.

"कुठलं मडकं?" अनिल म्हणाला.

"तू गप बस. सुषमा, मी मोहोळला असताना?"

सुषमानं ग्लास खाली ठेवला. "वर पांढरा थर आला होता. मला बुरशी वाटली. लॅबमध्ये असला थर दिसला की आम्ही फेकूनच देतो. मी उकळतं पाणी घातलं, साबण लावला. मग लक्षात आलं काय केलं ते."

"मग?"

"डेअरीचं दही घातलं."

"आन् मला म्हणालीस, जीभ गेली."

"मी नाही म्हणाले. हे म्हणाले."

"तू ऐकून घेतलंस."

ती रबरी नळी गुंडाळायला लागली. रडली असती तर मला पुढं बोलायला सोपं गेलं असतं.

"ह्या बरणीतलं पळीभर घ्यायचं सुचलं न्हाय?"

"उघडली असती तर हवा लागून बिघडली असती. आणि तुम्ही विचारलं असतं, कशाला उघडलीस." मग तिनं हळूच विचारलं, "पण तुम्हाला कळलं कसं?"

"जीभ हाय मला," मी म्हणाले.

म्हणाले, आणि तिथंच अडकले. पुढं पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. दीड वर्षाचं साठलेलं होतं, गल्लीचं, चटणीचं, कणीक मळताना वर न केलेल्या मानेचं. पण जीभ आत्याबाईंनाही होती. माझ्यापेक्षा धारदार. त्या बाईला मीठ घातलेल्या पाण्यातही दोन विहिरींतला फरक कळायचा. पहिल्याच घोटाला त्या थांबल्या होत्या, वाटीत बघितलं होतं, आणि उठता उठता मला पाठवलं होतं ते नेमकं त्याच दारात. गावात एवढी घरं असताना त्याच दारात. होळीमागून होळी. मी त्याला माझं नशीब समजत होते.

अनिल म्हणाला, "आई, बरं वाटतंय ना? चढली का?"

"गाळ हाय का खाली?" मी सुषमाला विचारलं.

"आहे. का?"

"जितं असंल त्यात?"

ती लॅबवाली झाली एकदम. "असू शकेल. दोन वर्षांनी थोडे तरी उरतात."

मी मडक्यातलं ताक ओतून दिलं. धुतलं नाही. जोंधळ्याचं पीठ कालवलं आणि बरणीच्या तळाचा गाळ पळीनं वर सोडला. पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी सुषमा कामाला जायच्या आधी चप्पल घालून आत आली आणि मडक्याला कान लावला. तिसऱ्या सकाळी झाकण काढलं तर पीठ वर आलेलं, आणि वास तो. मी शिजवली, मीठ घातलं, लसूण ठेचून घातला. मीठ बघ म्हणून कुणाला हाक मारली नाही.

पहिली वाटी भरून सुषमासमोर ठेवली.

"तुम्ही घ्या ना आधी."

"आंबट जिथनं आनलं, पहिली वाटी तिकडं. रीत हाय आमची. तुज्या बरणीतनं आनलंय."

ती बसून प्याली. सगळी. मी दुसरी वाटी भरली आणि चप्पल शोधायला लागले.

"ही कुठं?"

"समोर."

"मोबाईलवाल्याकडं? त्याला कशाला?"

"तितनंच आनलं हुतं," मी म्हणाले. "आन् ती बरणीवरची चिठ्ठी काढून टाक. ते आजीचं न्हवं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी चूल फुंकायला गेले नाही, आता गॅस आहे. सरळ बाहेर पडले.

रत्नम्माच्या घराचं आता दुकान झालंय. काचेचं दार, दिवसाही दिवे. पण पायरीचा दगड तोच आहे, मधे झिजलेला. चाळिशीचा माणूस आहे दुकानात, मला ओळखतो. मी दगडावर वाटी ठेवली आणि त्याला बाहेर बोलावलं.

"काय आजी, रिचार्ज?"

"आंबील. पी."

त्यानं वाटी उचलली, नाकाशी नेली आणि मान मागं घेतली. आत बघितलं. माझ्याकडं बघितलं. "कशाची आहे? कुठल्या देवाचं आहे का?"

"देवाचं न्हाय. पायरीचं हाय."

तो वाटी हातात घेऊन उभा होता, मी रविवारी ग्लास घेऊन बसले होते तसाच, वाईट काय निघतंय ते शोधत. मी हलले नाही. मला वाटी परत न्यायची होती.